सायनोव्हायटिस : डॉक्टरांनी एवढंच लिहिलं तर कोड कुठला लावायचा?

ऐरोली_नाइटशिफ्ट

मंडळी, ऑफिसातला एक वाद इथे आणतोय, कारण तिकडे तो मिटेना. मी ऐरोलीत ऑर्थोपेडिकचे चार्ट कोड करतो, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला बिलासाठी ठरलेला कोड लावतो. क्लायंट अमेरिकेतला, चार्ट ओपीडीचे, म्हणजे सगळा कारभार आयसीडी-१०-सीएमचा (आजारांच्या कोडांची अमेरिकन यादी).

चार्ट असा आहे (ओळख पटेल असं सगळं काढलंय). बाई, पन्नाशी उलटलेली. उजवा गुडघा बरेच दिवस सुजलेला, सकाळी आखडतो. डॉक्टरांनी तपासून खाली लिहिलंय : 'सायनोव्हायटिस राइट नी. रूल आउट आरए. ब्लड वर्क, एमआरआय.' संपलं. म्हणजे उजव्या गुडघ्याच्या अस्तराला सूज, आणि आरए (दाहक संधिवात) आहे का ते तपासायचं.

मी सायनोव्हायटिसचा एम६५.९६१ लावला. ऑडिटरने एरर मारली. त्याचं म्हणणं, आरए दिसतोय तर एम०६.९ लाव, सायनोव्हायटिस त्यातच आला. टीम लीडर म्हणतो दोन्ही सोड, गुडघेदुखीचा एम२५.५६१ टाक आणि चार्ट पुढे ढकल, टार्गेट बाकी आहे. एका ओळीचे तीन कोड. बरोबर कोण?

आणि इथे डॉक्टर, टीपीए डेस्कवाले (हॉस्पिटलातले विम्याचे क्लेम बघणारे) वगैरे असतील तर त्यांनीही लिहा. आम्हाला फक्त कागद दिसतो, पेशंट कधीच दिसत नाही.

कोडबुक_काका

तू बरोबर आहेस. ऑडिटरला गाइडलाइनच्या सेक्शन ४ मधला एच परिच्छेद उघडून दाखव. ओपीडीत 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट', 'कन्सिस्टंट विथ', 'वर्किंग डायग्नोसिस' यातलं काहीही आजाराच्या नावाला चिकटलेलं असेल तर तो आजार कोड करायचा नाही. त्या भेटीत जे पक्कं ठरलं तेवढंच घ्यायचं. इथे पक्कं काय? सायनोव्हायटिस, उजवा गुडघा. आरए हा अजून संशय आहे. आणि संशयावर आरए चढवला की तो त्या बाईच्या रेकॉर्डला चिकटतो, पुढचा प्रत्येक डॉक्टर आणि विमा कंपनी तो वाचते.

टीम लीडरचंही जमत नाही. निदान लिहिलेलं असताना ते टाकून देऊन लक्षणाचा कोड लावणं म्हणजे उलटा प्रवास. दुखणं सायनोव्हायटिसमध्ये धरलेलंच आहे, ते वेगळंही लावायचं नाही.

ऑडिटरचा एक मुद्दा मात्र खरा आहे. आरए पक्का असता तर सायनोव्हायटिस वेगळा लावला नसता, कारण आरए मुळात सांध्याच्या अस्तराचाच आजार. त्याने नियम बरोबर धरला, चार्ट चुकीचा धरला.

आता गंमत बघ. हीच बाई ॲडमिट असती आणि डिस्चार्जच्या वेळीही 'प्रॉबेबल आरए' असंच राहिलं असतं, तर हॉस्पिटलच्या बिलासाठी तो आरए असल्यासारखाच कोड झाला असता. सेक्शन २, एच. डॉक्टरांच्या स्वतःच्या बिलाला मात्र तिथेही ओपीडीचाच नियम. इनपेशंटवरून ओपीडीत आलेली माणसं इथेच घसरतात. तुझा ऑडिटर आधी इनपेशंटला होता का, विचार.

ऐरोली_नाइटशिफ्ट

होता!

मालाडची_फ्रेशर

काका, मी सीपीसीची (कोडरच्या परीक्षेची) तयारी करतेय, दोन शंका. एक, गुडघा असताना एम६५.९६१ मध्ये 'लोअर लेग' कसं काय? दुसरं, क्लासच्या नोट्समध्ये सगळीकडे नुसता एम६५.९ आहे. तो चालत नाही का आता?

कोडबुक_काका

दुसऱ्या शंकेचं आधी. एम६५.९ एकटा ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो फोडला. एम६५.९१ खांदा, .९२ दंड, .९३ फोरआर्म, .९४ हात, .९५ मांडी, .९६ लोअर लेग, .९७ घोटा-पाऊल, आणि या सगळ्यांना सहावा आकडा बाजूचा : १ उजवी, २ डावी, ९ लिहिलेलीच नाही. त्याखेरीज एम६५.९० म्हणजे जागाच माहीत नाही, .९८ इतर जागा, .९९ अनेक जागा. कोड कुठला हे तपासणीच्या तारखेवर ठरतं, तू चार्ट कधी उघडलास त्यावर नाही. सप्टेंबर २०२४ च्या भेटीचा चार्ट आज हातात आला तरी त्याला जुनाच एम६५.९. जुन्या नोट्स फेकू नकोस, पण परीक्षेला चालू वर्षाचंच पुस्तक ने.

गुडघ्याचं असं की हे प्रकरण डब्ल्यूएचओच्या मूळ आयसीडी-१० मधून आलंय. तिथे १३ व्या प्रकरणाच्या सुरुवातीला जागांचा तक्ता आहे. त्यात ६ नंबर लोअर लेग, आणि त्यात टिबिया, फिब्युला आणि गुडघ्याचा सांधा. कोपर दंडात, मनगट फोरआर्ममध्ये, खुब्याचा सांधा मांडीच्या गटात. तेवढं डोक्यात ठेवलं की एम६५ मध्ये गुडघा शोधत बसायची वेळ येत नाही.

हाडाचा_डॉक्टर

परळ भागात ओपीडी करतो. आधी आमच्या जमातीची बाजू मांडतो, मग शिव्या घाला. बाहेर बाकडं भरलेलं असतं, आत एक पेशंट टेबलावर आणि दुसरा दारात एक्स-रे उंच धरून उभा. अशा वेळी 'सायनोव्हायटिस' हा शब्द आम्ही लिहितो तो निदान म्हणून कमी आणि स्वतःला खूण म्हणून जास्त : सूज अस्तराची आहे, हाडाची नाही, पुढच्या वेळी बघू. तुम्ही लोक त्या खुणेवर कोड बसवता हे बऱ्याच डॉक्टरांना ठाऊकच नसतं.

पण वैद्यकीय अंगाने सांगायचं तर तो शब्द एकटा खरंच फार काही सांगत नाही. गुडघा दुखावल्यावर येणारं सायनोव्हायटिस वेगळं, आरए-गाउटचं वेगळं, पू झालेल्या सांध्याचं वेगळं. आणि मुंबईत एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला, ताप किरकोळ, मांडी बारीक होत चाललेली असं दिसलं की क्षयरोग डोक्यातून काढता येत नाही. तिथे अस्तराची बायोप्सी घेतो, एक तुकडा पॅथॉलॉजीला, एक सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी). टीबी निघाला तर निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरलासुद्धा. तेव्हा कागदावर 'क्रॉनिक सायनोव्हायटिस' एवढंच ठेवलं तर पेशंटचा पुढचा सगळा मार्ग आंधळा होतो.

लहान मुलांचं आणखी निराळं. सर्दी-तापानंतर आठवड्याभराने पाच वर्षांचं पोर लंगडत येतं, खुबा हलवू देत नाही. बहुतेकदा ट्रान्झियंट सायनोव्हायटिस, आराम आणि औषधावर बरं होतं. पण सेप्टिक हिप (खुब्यात पू) नाही याची खात्री करेपर्यंत आम्हाला झोप नसते. या दोन्हींचा कोड एकच आहे का हो?

कोडबुक_काका

अजिबात नाही डॉक्टर. ट्रान्झियंट सायनोव्हायटिस एम६७.३ मध्ये, उजवा खुबा एम६७.३५१, डावा एम६७.३५२. पू झालेला सांधा एम०० मध्ये. टीबीचा सायनोव्हायटिस तर या प्रकरणातच नाही, तो संसर्गाच्या प्रकरणात ए१८.०९, आणि गुडघ्याचा किंवा खुब्याचा पूर्ण सांधाच टीबीने धरला असेल तर ए१८.०२. ताजी दुखापत असेल तर इंडेक्स एम६५ कडे जाऊच देत नाही, सरळ लचक-मुरगळीच्या एस कोडकडे पाठवतो. म्हणून कारण लिहा म्हणतो. बाजू आणि जागा नसली तर कोड अर्धवट राहतो, पण कारण नसलं तर प्रकरणच चुकतं.

किरकिऱ्या

म्हणजे थोडक्यात डॉक्टरांनी चार शब्द जास्त लिहायचे. हे आम्ही पेशंट लोक तीस वर्षं सांगतोय.

हाडाचा_डॉक्टर

तीस वर्षं आम्हीही सांगतोय, की गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला असं नाही. चालायचंच.

टीपीए_ताई

मी दादरच्या एका हॉस्पिटलात विमा डेस्कवर बसते. तुम्ही सगळे अमेरिकेचं बोलताय, जरा इथलंही ऐका.

आपल्याकडच्या क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटल भरतं. त्यात मुख्य निदान, इतर निदान, सोबतचे आजार, प्रत्येकापुढे आयसीडी-१० कोडचा रकाना. हा डब्ल्यूएचओवाला आयसीडी-१०. त्यात एम६५.९ आजही शाबूत आहे, हवं तर पुढे जागेचा एक आकडा जोडायचा. म्हणजे एम६५.९६ इथे चालतो, पण डावा-उजवा त्यात नाहीच. आणि अमेरिकेत एम६५.९६ लिहिला तर अर्धवट कोड म्हणून परत येईल, बरोबर ना काका? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी अमेरिकन यादी भरून ठेवली होती. एका गुडघ्याच्या केसला एम६५.९६२ गेला, तिकडच्या माणसाला तो त्याच्या यादीत सापडेना, क्लेमवर क्वेरी. आता आम्ही कोड काहीही असो, निदान शब्दांत पूर्ण लिहितो : 'डाव्या गुडघ्याचा सायनोव्हायटिस, कारण अमुक.' वाचणारा शेवटी शब्दच वाचतो.

पण खरं सांगू का, इथे क्लेम कोडमुळे क्वचितच अडतो. अडतो तो 'किती दिवसांपासून' या एका ओळीमुळे.

कल्याण_स्लो

ताई, हेच विचारायला आलो होतो. आईचा गुडघा सुजला म्हणून दुर्बिणीने ऑपरेशन केलं, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅशलेस नाकारलं, आम्ही पैसे भरले, रीइम्बर्समेंटला टाकलं. आता कंपनीचं पत्र आलंय : भरती केवळ तपासणीसाठी होती, आणि आजार पॉलिसीच्या आधीचा दिसतो. पॉलिसीला दोन वर्षं झालीत. आईला त्याआधी गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता, घरातले तीन जिने रोज चढायची. मग हे आलं कुठून?

टीपीए_ताई

दादा, हॉस्पिटलातून इनडोअर केस पेपरची पूर्ण प्रत मागा आणि पहिलं पान वाचा. माझा अंदाज, भरतीच्या रात्री हिस्ट्री घेताना कुणीतरी 'गुडघेदुखी ५ वर्षं' असं लिहिलंय. निवासी डॉक्टर घाईत विचारतात, 'आजी, गुडघे कधीपासून दुखतात?' आजी म्हणतात, 'अगं बाई, किती वर्षं झाली.' झालं. आजी वयाच्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, कागदावर ते या आजाराचं वय झालं.

कल्याण_स्लो

प्रत आणली. पाच नाही, 'चार वर्षं' लिहिलंय. आणि अक्षर कुणाचं ते कुणालाच ओळखता येत नाहीये.

टीपीए_ताई

मग असं करा. पहिली गोष्ट, त्या कागदावर कुणालाही खाडाखोड करू देऊ नका. डॉक्टर प्रेमाने म्हणतील, 'द्या, दुरुस्त करतो.' नको. खाडाखोड दिसली की कंपनीला हवं ते मिळालं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, आजच्या तारखेचा खुलासा घ्या. त्यात ही सूज पहिल्यांदा कधी तपासली, आधीची दुखणी कशाची होती, आणि अस्तर काढणं हा उपचार होता, निव्वळ तपासणी नव्हती, हे स्वच्छ असावं. सोबत पहिल्या ओपीडीचा कागद, एमआरआय, ऑपरेशन नोट आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडा.

तपासणीसाठी भरतीचा जो मुद्दा आहे तो पॉलिसीतल्या एक्सक्लूजन ४ चा (पॉलिसी ज्याचे पैसे देत नाही त्या यादीतला). तो भरतीच मुळात तपासणीसाठी असेल तेव्हा लागतो. तुमच्या ऑपरेशन नोटमध्ये 'डायग्नोस्टिक आर्थ्रोस्कोपी' (दुर्बिणीने नुसतं बघणं) एवढंच आहे की 'सायनोव्हेक्टमी' (अस्तर काढणं) पण आहे, ते बघा. यावर सगळं अवलंबून आहे.

आधीच्या आजाराचं म्हणाल तर १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत त्याची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने. तुमची दोनच वर्षं झालीत, म्हणून कंपनी त्या ओळीला धरून बसलीय. शिवाय पॉलिसीत ठरावीक आजारांच्या प्रतीक्षेची वेगळी यादी असते, त्यात संधिवात असतो बऱ्याचदा. ती यादीही वाचून घ्या, म्हणजे उद्या दुसरंच कारण पुढे आलं तर तयारी असेल. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कल्याण ठाणे जिल्ह्यात येतं, म्हणून तुमच्यासाठी ठाण्याचं कार्यालय. वकील लागत नाही.

कल्याण_स्लो

'पार्शल सायनोव्हेक्टमी डन' असं आहे शेवटच्या ओळीत. बायोप्सीत 'पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस' आलंय. हे काय आहे? कॅन्सर नाही म्हणाले, पण परत येऊ शकतं म्हणाले.

हाडाचा_डॉक्टर

कॅन्सर नाही, हे खरं. अस्तराची वाढ आहे. आता त्याला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणतात, एका जागी गाठीसारखी किंवा सगळ्या सांध्यात पसरलेली. दुर्बिणीतून पाहिलं की अस्तर गंजलेल्या शेवाळासारखं दिसतं, तपकिरी झुपके पाण्यात हलत असतात. रक्त झिरपून झिरपून लोह साठलेलं असतं, त्याचा तो रंग. एमआरआयमध्येही तेच लोह काळे डाग देतं. पसरलेल्या प्रकारात पुन्हा येण्याचा धोका जास्त, म्हणून डॉक्टर बोलावतील तेव्हा दाखवायला न्या.

तुमच्या क्लेमच्या दृष्टीने हा रिपोर्ट सोन्यासारखा आहे. चार वर्षं गुडघे दुखणाऱ्या आजीच्या झिजेचा आणि याचा संबंध नाही, असं तुमचे डॉक्टर खुलाशात लिहू शकतात. लिहावंच. आणि डिस्चार्ज कार्डवर अजून 'सायनोव्हायटिस' एवढंच असेल, कारण रिपोर्ट नंतर आला. तर सुधारित डिस्चार्ज समरी मागा.

कोडबुक_काका

डॉक्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. निदान बदललं की कोड बदलतो. तो आता एम६५ राहतच नाही, एम१२.२ होतो. तिथे मात्र गुडघा स्वतंत्र आहे : अमेरिकेच्या यादीत उजवा एम१२.२६१, डावा एम१२.२६२. आपल्याकडे एम१२.२, पुढे हवा तर ६.

ऐरोलीकर, यावरून तुझ्या कामाचं एक. बायोप्सीचा रिपोर्ट चार्टमध्ये दिसतोय म्हणून थेट त्यावरून कोड करायचा का? ओपीडीत, रिपोर्ट डॉक्टरने वाचून सही केलेला असेल आणि कोड करताना हातात असेल, तर त्यातलं पक्कं निदान घेता येतं. रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट हे डॉक्टरच. इनपेशंटमध्ये नाही. तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः तसं लिहायला हवं, नसेल लिहिलं तर क्वेरी पाठवायची.

ऐरोली_नाइटशिफ्ट

ऑपरेशनचा विषय निघालाच आहे तर. गुडघ्याच्या दुर्बिणीच्या चार्टात 'सायनोव्हेक्टमी डन' एवढंच असतं आणि क्लायंट म्हणतो ऑपरेशनच्या कोडांतला २९८७६ लाव, पैसे जास्त मिळतात. मला दरवेळी धाकधूक.

कोडबुक_काका

धाकधूक रास्त आहे. २९८७५ म्हणजे मर्यादित. तो त्याच गुडघ्यावर दुसरं काही दुर्बिणीचं काम झालं असेल तर वेगळा लागत नाही. २९८७६ म्हणजे दोन किंवा जास्त कप्प्यांतली मोठी. गुडघ्याला कप्पे तीन : आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. मेडिकेअरच्या (अमेरिकेच्या सरकारी विम्याच्या) एनसीसीआय नियमानुसार, म्हणजे कुठले कोड एकत्र लावता येतात त्या नियमानुसार, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) वगैरेचं काम ज्या कप्प्यात झालं ते सोडून उरलेल्या दोन कप्प्यांत अस्तर काढलं असेल, तरच तो वेगळा लावायचा. दोन्ही मेनिस्कस कापले असतील, म्हणजे २९८८०, तर उरतो एकच कप्पा. मग २९८७६ नाही म्हणजे नाही, क्लायंटने कितीही गोड बोललं तरी. नोटमध्ये कप्प्यांची नावं नसतील तर तुला माहीतच नाही किती झालं. तेव्हा लावायचा नाही, विचारायचं.

हाडाचा_डॉक्टर

आम्ही कप्प्यांची नावं लिहितो हो. 'सायनोव्हियम शेव्हड' मात्र कधी कधी नुसतं लिहितो, कारण दुर्बीण आत घालून समोरचं नीट दिसावं म्हणून थोडं साफ केलेलं असतं. ते ऑपरेशन नव्हे, वाट मोकळी करणं आहे. त्याचे पैसे मागणारा आमच्यातला असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

मालाडची_फ्रेशर

डॉक्टरांना क्वेरी पाठवायची म्हणजे काय लिहायचं? क्लासमध्ये म्हणतात, उत्तर सुचवायचं नाही.

कोडबुक_काका

हो. 'हा आरए आहे ना?' असं विचारणं बाद. चार्टमध्ये जे दिसतं ते मांडायचं आणि पर्याय द्यायचे. त्या बाईंच्या चार्टवर मी असं लिहिलं असतं :

'उजव्या गुडघ्याला सूज, सकाळी आखडणं अशी नोंद आहे. निदान सायनोव्हायटिस, राइट नी. आपल्या वैद्यकीय मतानुसार कारण नमूद करता येईल का? दाहक संधिवाताशी संबंधित / स्फटिकांमुळे / संसर्गजन्य / दुखापतीनंतरचं / इतर / सध्या ठरवता येत नाही.'

'सध्या ठरवता येत नाही' हा पर्याय हवाच. डॉक्टरने तोच निवडला तर एम६५.९६१ कायम, आणि ऑडिटरलाही तोंड उघडायला जागा नाही. पर्यायांत पैशांचा उल्लेख कुठेही नको.

हाडाचा_डॉक्टर

अशी क्वेरी आली तर मी अर्ध्या मिनिटात खूण करून पाठवीन. 'प्लीज क्लॅरिफाय' एवढंच लिहिलेले ई-मेल येतात ना, ते मी उघडतही नाही.

कल्याण_स्लो

डॉक्टरांनी सुधारित समरी आणि खुलासा द्यायचं कबूल केलंय. ताई, कुरिअरने पाठवू की ई-मेलने?

टीपीए_ताई

दोन्हीने. ई-मेलमध्ये क्लेम नंबर विषयाच्या ओळीत, आणि कुरिअरची पावती जपून. मूळ कागद देऊ नका, प्रतींवर हॉस्पिटलचा शिक्का घ्या.

मालाडची_फ्रेशर

शेवटची शंका, मग अभ्यासाला बसते. बाळंतपणानंतर मनगट-अंगठा दुखतो तो डी क्वेर्व्हेन, एम६५.४. त्याचा डावा-उजवा मला पुस्तकात कुठेच मिळेना. पान गायब आहे का?

कोडबुक_काका

पान आहे, बाजूच नाही. एम६५.४ तसाच पूर्ण कोड आहे. ऑपरेशन झालं तर २५००० ला आरटी किंवा एलटी मॉडिफायर (कोडपुढची दोन अक्षरी खूण) लावून बाजू तिथे द्यायची. ट्रिगर फिंगरच्या (अडकणाऱ्या बोटाच्या) चार्टात उलट : कोडमध्ये बोट आणि बाजू दोन्ही. उजवा अंगठा एम६५.३११, रिलीज २६०५५, मॉडिफायर एफ५. डाव्या अंगठ्याला एफए, तो परीक्षेत हमखास फसवतो.